एकेचाळिसावा चिंचोका

तिसरी घंटा झाली असं समजा. दिवे मंद होतात, पडदा वर सरकतो आणि समोर दिसतं ते एक दोन दारांचं घर. पुढचं दार गावाकडे, मागचं दार उसाकडे, आणि दोन्ही सताड उघडी. वेळ तिन्हीसांजेची. भिंतीवर मतमाउलीची, म्हणजे मारियामातेची तसबीर, तिच्याखाली लाल झिरोचा बल्ब. मधोमध, बरोबर दोन्ही दारांच्या रेषेत, पोत्यावर बसलेली एक म्हातारी. अंगावर फिकट निळं नऊवारी लुगडं, गळ्यात जपमाळ, पुढ्यात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणि शेजारी रिकामी परडी. उजवीकडे अर्ध्या भिंतीच्या आडोशाला तिची सून चुलीसमोर बसलेली. भाकरी थापता थापता तिचे हात थांबले आहेत. ती ऐकते आहे.

म्हातारीचं नाव चांगुणाबाई सहादेव आल्हाट. वय अठ्ठ्याऐंशी. सुनेचं नाव जया. गाव चिंचडोह, राहुरीच्या खाली, मुळेच्या काठाला.

प्रवेश रोज हाच. आधी जपमाळ व्हायची, 'नमो मरिये' म्हणताना म्हातारीचे ओठ इतके भरभर हलत की नुसती भुंग्याची गुणगुण ऐकू यावी. माळ संपली की ती डबा उघडी. डब्यात चिंचोके. मग मुलगा आदिनाथ, जयाचा नवरा, दारात उभा राहून पहिलं नाव घेई, "वाल्मिक." म्हातारी एक चिंचोका परडीत टाकी. टक्. तिथून पुढची नावं तिची.

"राधाकृष्ण."

मग थांबणं.

टक्.

"रखमा."

थांबणं.

टक्.

"दानियल."

हे थांबणं फार विचित्र होतं. नाटकात एखाद्या नटाची एंट्री चुकते, त्याच्या नावाचा पुकारा झालेला असतो आणि विंगेतून कुणीच बाहेर येत नाही, तेव्हा रंगमंचावर जी शांतता पडते, ती ही शांतता. सगळे विंगेकडे बघतात. तिथे कुणीतरी उभं आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. चांगुणाबाई मागच्या दाराकडे बघे. बाहेर उसाची पानं सळसळत. मग तिचं समाधान होई, आणि चिंचोका पडे.

ही नावं कुणाची, हे साऱ्या चिंचडोहाला माहीत होतं. ती मेलेल्या लेकरांची नावं होती.

*

चांगुणा मूळची कर्जतकडची. पाऊस नावाला, पाणी कोसावर. चौदाव्या वर्षी ती सहादेव आल्हाटची बायको होऊन या बागायती मुलखात आली. सहादेव मिशनच्या चर्चमध्ये घंटा वाजवायचा. सासू गावाची सुईण. पहिल्याच आठवड्यात सासूनं तिला हाताला धरून एका बाळंतिणीच्या खोलीत नेलं आणि म्हणाली, "भ्यायचं न्हाई. येनारा पन देवाकडून येतो आन् जानारा पन देवाकडंच जातो. आपुन नुसतं दार धरून ऱ्हायचं."

तिनं ते दार साठ वर्षं धरलं. मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं तिला ब्लेड उकळायला शिकवलं, नाळ कुठे बांधायची ते शिकवलं. आणखी एक शिकवलं: आपल्या लोकांतलं लेकरू जगत नाही असं दिसलं, फादरला यायला वेळ नसला, तर ओंजळभर पाणी घे, डोक्यावर घाल, नाव दे आणि बाप्तिस्मा कर. चांगुणाचं स्वतःचं काम तिथून पुढे सुरू झालं. आपल्या लोकांच्या लेकराला पाणी आणि नाव. पण मराठ्यांची, धनगरांची, माळ्यांची लेकरं? ती तर बारशाच्या आधीच गेली की बिननावाचीच जायची. पाणी घालायचा तिला हक्क नव्हता, तिनं कधी घातलंही नाही. पण नावाला कुणाची परवानगी लागते? त्या त्या घरच्या देवाकडे बघून ती एक नाव ठेवायची, लेकराच्या कानात सांगायची, आणि टोपलीतून त्याला नदीकाठच्या मोठ्या चिंचेखाली पोचवून यायची. येताना त्या चिंचेचा एक चिंचोका उचलून आणायची.

"बिननावाचं लेकरू वाट चुकतं," ती म्हणायची. "पलीकडं कुनी तरी हाक मारायला नको का त्याला?"

मोठ्या वाड्यांतून तिला मागच्या दारानं आत घेत आणि मागच्याच दारानं बाहेर काढत. तिला त्याचं हसू येई. "बाळंतिनीच्या खोलीत इटाळ नसतो बया. पोरगं रडलं की मग आठवतो त्यास्नी." पण त्याच वाड्यांतल्या बायका पुढे पन्नाशीच्या होऊन रस्त्यात भेटल्या की वाकून तिच्या पायाला हात लावत. ती म्हणे, "जय येशू, सुखी ऱ्हा." त्या म्हणत, "व्हय मावशी." कुणाचं काही बिघडत नसे.

एका नव्या फादरांनी एकदा तिला समजावलं. "आजी, मृतांसाठी प्रार्थना करा, चांगलंच आहे. पण हे नाव घेऊन उत्तराची वाट बघणं आपल्या शिकवणीत बसत नाही."

"शिकवणीत नसंल, फादर."

"मग?"

"कानात हाय."

फादर हसले आणि चहा पिऊन गेले. जाताना मात्र त्यांनी मागच्या दाराकडे दोनदा वळून बघितलं, हे जयानं पाहिलं होतं.

*

आता जयाचं काय ते सांगायला हवं, कारण ती चुलीसमोर उगाच थांबलेली नाही.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, भर पावसाळ्यात, जयाला दिवसांच्या आधीच कळा सुरू झाल्या. मुळेला पूर, पुलावरून पाणी, राहुरीची जीप पलीकडेच अडकलेली. आदिनाथ फॅक्टरीच्या कामाला बाहेरगावी. सकाळच्या पहिल्या उजेडात मुलगी झाली. चांगुणाबाईनं तिला हातात घेतलं. मुलगी रडली नाही, नुसती बघत राहिली. अर्धी जपमाळ व्हायला लागतो तेवढाच वेळ. मग तेही थांबलं.

बाराव्या दिवशी, ज्या दिवशी बारसं व्हायचं त्या दिवशी, जयानं सासूला विचारलं, "आत्या, तिचं नाव काय ठिवलं?"

चांगुणाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "ते इचारू नको."

"मी आई हाय तिची."

"म्हनूनच. ऐक. माझा पहिला, वाल्मिक, सव्वा महिन्याचा हून गेला. म्या सोळा वर्सांची. आठ दिस नुसती बसून. आन् येका सांजंला ऱ्हावलं न्हाई, मागल्या दारात उभी ऱ्हायले आन् हाक मारली. वाल्मिक म्हनून."

"मग?"

"आला."

जयाची नजर मागच्या दाराकडे गेली.

"उंबऱ्याव उभा ऱ्हायला. आत येईना, माघारी जाईना. दिसत न्हवता, पर दार लावाया गेलं की लागायचं न्हाई. मऊ काय तरी मधी यायचं. आठ दिस, जये. मग सासूनं त्याला समजावलं, तवा गेला. आईची हाक वंगाळ. लेकराला तिकडं बरं असतं, पर आईनं बोलिवलं की त्ये मागं वळतं. दुसऱ्या कुनी हाक मारली तर नुसतं ओ देतं आन् खेळाया जातं. म्हनून वाल्मिकचं नाव मी घेत न्हाई, आदिनाथ घेतो. तसं तुझीचं मी घेईन. रोज. तू इचारायचं न्हाई."

जयानं विचारलं नाही. अठ्ठावीस वर्षं. पुढे निकिता झाली, दवाखान्यात, सुखरूप. मोठी होऊन नगरला नर्स झाली. पण रोज तिन्हीसांजेला जयाचे हात भाकरीवर थांबत. त्या यादीत मुलींची नावं होती: रखमा, मार्था, पूजा, पुष्पावती, रूथ. यातलं एक तिच्या लेकीचं. सासू क्रम रोज बदले, मुद्दाम, त्यामुळे अदमास लागत नसे. कधीतरी जयानं मनाशी ठरवून टाकलं: पुष्पावती. ते नाव आलं की म्हातारी जरा हळू बोलते, असं तिला वाटे. पुष्पावती म्हटलं की ती चुलीतल्या आराकडे बघून हसे. बाहेर पानं सळसळत. तिला वाटे, दिली ओ.

आणि सगळ्यात शेवटी, सगळी नावं संपल्यावर, कसलंही नाव न घेता, आणखी एक टक् व्हायची. जयाला वाटे, म्हातारी डबा मिटते आहे.

*

या डिसेंबरात ऊसतोडीची टोळी आली आणि आठ दिवसांत घरामागचा ऊस सपाट करून गेली. मागच्या दारातून आता थेट नदीपर्यंत उघडं रान दिसायला लागलं, आणि नदीकाठची ती चिंच. ऊस गेला तसा बिबट्या बाहेर पडला. वस्तीवरची दोन कुत्री गेली. वनखात्याच्या माणसांनी गावात सांगितलं, सांज झाली की दारं लावून घ्या.

"आये, मागलं दार लाव," आदिनाथ म्हणाला.

"नावं झाल्याव."

"बिबट्या नावं संपायची वाट बघनार हाय व्हय?"

"आला तर त्याचं पन नाव ठिवीन. तू हाक मार, वाल्मिक म्हन."

आदिनाथनं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "वाल्मिक." टक्.

म्हातारीनं पुढचं नाव घेतलं आणि थांबली. जया चुलीसमोर कान देऊन होती. आणि सळसळ झाली. उसाच्या पानांची, नेहमीसारखी.

जयानं हळूच भिंतीआडून डोकावलं. मागच्या दाराबाहेर उघडं रान होतं. तोडलेली बुडखी, वाळकं पाचट जाळल्याची राख. एक पान उभं नव्हतं.

दुसरं नाव. सळसळ. तिसरं नाव. सळसळ.

तिनं पीठ माखल्या हातानं क्रूस केला आणि भाकरी करपली.

त्या आठवड्यात अवकाळी शिंतोडे पडून गेले. सकाळी वनखात्याचा माणूस बिबट्याचे ठसे बघायला आला. घराच्या मागे ओल्या राखेत बराच वेळ वाकून चालला आणि म्हणाला, "बिबट्या नाही हा ताई. लहान मुलाची पावलं आहेत. अनवाणी फिरू देऊ नका, इंगळ्या-विंचू असतात पाचटात."

"आमच्यात लहान मूल न्हाई," जया म्हणाली.

"मग टोळीवाल्यांचं असेल."

"टोळी जाऊन पाच दिस झालं. शिंतोडं काल पडलं."

त्यानं खांदे उडवले. जया त्याच्यामागून बघत गेली. पावलं नदीकडून आली होती, राखेतून सरळ मागच्या दारापर्यंत. उंबऱ्यापाशी दोन्ही पावलं जुळलेली होती, कुणी उभं राहावं तशी. परत जाणारं पाऊल एकही नव्हतं.

"किती वर्सांच्या लेकराचं असंल?" आतून म्हातारीनं विचारलं.

"दीड-दोन," तो माणूस म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारून गेला.

चांगुणाबाई पोत्यावरच बसून राहिली. स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाली, "तिकडं लेकरं सावकाश वाढत्यात." त्या दिवसापासून तिनं जेवणावरचं मन काढलं.

*

नाताळच्या मिस्सेला तिला खुर्चीत बसवून नेलं. ती शेवटची. जानेवारीत आवाज गेला, म्हणजे होता, पण कुजबुजीएवढा. बघायला गाव लोटलं. त्यात आप्पासाहेब आले, पंचाहत्तरीचे, मोठे बागाईतदार. त्यांची पाचही मुलं चांगुणाबाईच्या हातची. त्यातलं पहिलं राहिलं नव्हतं. ते खाटेजवळ खुर्ची ओढून बसले.

"मावशी, वळखलं का?"

"तुला कसं न्हाई वळखनार आप्पा. तुझं टक्कल पन माझ्याच डोळ्यांदेखत पडलं."

आप्पासाहेब हसले, मग त्यांचे डोळे भरले. "आमच्या हनुमंताचं नाव घ्यायाला आता कोन मावशी?"

जया चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. आप्पासाहेब गेल्यावर तिनं विचारलं, "आत्या, आप्पांना कसं माहीत, त्यांच्या लेकराचं नाव?"

"बापाला सांगते मी. बापाला सांगाया हरकत न्हाई. बाप हाका मारत न्हाईत, बाप फकस्त खाकरत्यात."

जयानं कप तसाच ठेवला आणि अंगणात आली. आदिनाथ बैलगाडीच्या जुन्या चाकावर बसून फॅक्टरीतले बूट पुसत होता.

"आवो, तुमाला ठावं हाय? आपल्या पहिलीचं नाव?"

त्याचा हात थांबला. "न्हाई."

"आत्या बापाला सांगत्यात म्हनं."

"मी तिसऱ्या दिशी आलो. आयेनं तोंड उघडलं, मला वाटलं आता सांगल. पर गपच ऱ्हायली. मी पन न्हाई इचारलं." त्यानं बूट खाली ठेवले. "इचाराया पायजे हुतं."

तेव्हा पहिल्यांदा जयाला भीती वाटली, आणि ती बिबट्याची नव्हती. म्हातारी गेली तर नाव तिच्याबरोबर जाईल. मग तिच्या लेकीला हाक मारायला या पृथ्वीच्या पाठीवर कुणीच उरणार नाही.

*

फेब्रुवारीत चांगुणाबाईनं डबा जयाच्या मांडीवर ठेवला. "आता तू घे."

जयाला सगळी नावं तोंडपाठ होती. अठ्ठावीस वर्षं ऐकलेली. आदिनाथनं वाल्मिक म्हटलं आणि तिनं सुरुवात केली. राधाकृष्ण. दानियल. हनुमंत. मार्था. प्रत्येक नावानंतर ती सासूसारखी थांबे, आणि प्रत्येक थांबण्यात बोडक्या रानातून उसाची सळसळ येई. पुष्पावतीपाशी आल्यावर 'आईची हाक वंगाळ' हे तिला आठवलं, तरी तिनं ते नाव एकदा घेतलंच. पण दुसऱ्या हाकेचं धाडस केलं नाही. टक्.

नावं संपली. जयानं डब्यात बोटं घातली. एक चिंचोका उरला होता.

तिला वाटलं, आपण एखादं नाव विसरलो. तिनं परडी पालथी केली, पुन्हा एकेक नाव घेऊन मोजले. चाळीस नावं, चाळीस चिंचोके. आणि डब्यात एकेचाळिसावा, इतरांहून जरा नवा, तकतकीत.

"आत्या, ह्यो कुनाचा?"

म्हातारीनं डोळे मिटून घेतले.

"शेवटाला तुमी नाव न घेता येक टाकायच्या. डबा मिटायचा आवाज वाटायचा मला. आत्या, ह्यो माझ्या लेकीचा हाय. माझ्या लेकीचं नाव तुमी येकदा पन घेतलं न्हाई!"

तसबिरीखालचा लाल दिवा जरासा फडफडला. मिटल्या डोळ्यांतून पाणी उशीवर उतरलं.

"घेता येत न्हाई," म्हातारी कुजबुजली.

"का पर?"

"मला न्हाई, आदिनाथला न्हाई, निकिताला न्हाई. तुला तर मुळीच न्हाई. ह्या घरात कुनाच्याच तोंडी बसत न्हाई त्ये नाव."

जया मनात एकेक जुळवत गेली. मुलगा जे नाव घेत नाही. नात घेत नाही. आणि सून तर जन्मात ज्याचा उच्चार करत नाही, सरकारी कागदावर सांगायची वेळ आली तर शेजारणीला सांगायला लावते, असं नाव घराघरात एकच असतं.

"तुमचं?" जया म्हणाली.

मग म्हातारीनं सांगितलं, थांबत थांबत. त्या सकाळी जयाची शुद्ध हरपलेली, लेकरू म्हातारीच्या हातात विझत चाललेलं. ओंजळीत पाणी घेतलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिची जीभ जड झाली. आपलीच नात, नाव सुचेना. दिवा धरून उभी असलेली शेजारीण सत्यशीला घाबरून ओरडली, "चांगुणा, नाव! चांगुणा, लवकर!" आणि भाषण विसरलेला नट प्रॉम्प्टरनं जे दिलं ते तसंच बोलून जातो, तसं तिनं पाणी घातलं आणि बोलून गेली, "चांगुणा."

"पडलं ते पडलं. बाप्तिस्मा परत व्हत न्हाई," म्हातारी म्हणाली. "आन् आपलीच हाक आपुन कशी मारायची, जये? म्या येकदा मारून बघितली. माझ्याच तोंडातनं ओ आली. मी लई भ्याले. सत्यशीला हुती तवर ती येऊन म्हनायची, चोरून, शुक्रवारी. ती पन गेली. तवापासनं तुझी लेक बिनहाकेची हाय. म्हनून आता आपली आपुन यायाला लागली. राखंतली पावलं तिची हुती."

जयानं तो चिंचोका तळहातावर घेतला. तिनं अठ्ठावीस वर्षं दुसऱ्या कुणाच्या तरी लेकीवर जीव लावला होता. मग ती म्हणाली, "पुष्पावती कोनाची मग?"

"वरल्या आळीच्या माळ्याची. ग्वाड पोर. तू हसायचीस, तवा ती पन हसायची." म्हातारीनं तिचं मनगट धरलं. "ऐक. मी निघाले की तू हाक मार. सून म्हनून लाजू नको, माझं नाव घेतल्याचं पातक व्हत न्हाई. आईची हाक लेकराला मागं वढती, पर मी तिचं बोट धरलेलं आसंल. मागं वळली तरी वाट चुकायची न्हाई. दोघींना येकच हाक पुरंल."

*

राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, फादर घरी आले. तिच्या कपाळावर राखेचा क्रूस काढला, तेल लावलं, कम्युनियनच्या भाकरीचा पापुद्रा तिच्या जिभेवर ठेवला. निकिता नगरहून रजा घेऊन आलेली, ती आजीची नाडी धरून बसली होती. फादर निघाले तेव्हा सूर्य चिंचेच्या मागे गेला होता. दारात थांबून ते म्हणाले, "मागचं दार लावून घ्या, बिबट्या अजून सापडला नाही." कुणीच उठलं नाही. फादरांनी एकदा त्या दाराकडे बघितलं आणि ते आपले परत आत येऊन, टोपी काढून, भिंतीला टेकून उभे राहिले.

निकितानं जपमाळ सांगितली. आदिनाथनं पहिलं नाव घेतलं. मग जयानं डबा घेतला.

राधाकृष्ण. रखमा. दानियल. एकेक चिंचोका परडीत पडत होता. प्रत्येक नावानंतर रानातून ती सळसळ यायची, आणि आज ती जरा जवळ सरकत होती. आधी नदीपाशी, मग बांधापाशी, मग अंगणात, पाचटाच्या राखेत. पूजा. हनुमंत. रूथ. पुष्पावतीला जयानं आज नेहमीच्या आवाजात हाक मारली, शेजारच्या पोरीला मारावी तशी, आणि मनातल्या मनात तिची माफी मागितली. चाळीस झाले. सळसळ थांबली. आता ती बाहेर कुठेच नव्हती. मागच्या उंबऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण वाऱ्यानं हलणारं दार मधेच कशाला तरी अडून, मऊ कशाला तरी टेकून थांबलं होतं.

"आई," निकिता हळूच म्हणाली, "नाडी सुटायला लागली."

जयानं एकेचाळिसावा चिंचोका मुठीत घेतला. तोंडावरून पदर फिरवला. मतमाउलीकडे बघितलं. गेली एकोणतीस वर्षं जे नाव तिनं ओठांवर येऊ दिलं नव्हतं, ते घेण्यासाठी तिनं तोंड उघडलं तेव्हा आदिनाथनं दचकून तिच्याकडे पाहिलं, आणि मग मान खाली घातली.

"चांगुणा."

दार तसंच अडलेलं राहिलं.

"चांगुणा."

खाटेवरचे ओठ किंचित हलले. पण आवाज आला नाही. पहिल्या हाकेला, दुसऱ्या हाकेला ओ द्यायची नसते, तिन्हीसांजेला तर नाहीच, हे चांगुणाबाईनंच साऱ्या गावाच्या लेकरांना शिकवलं होतं.

जया उठली. खाट आणि उंबरा यांच्या मधोमध, दोन्ही दारांच्या रेषेत, जिथे म्हातारी रोज बसायची तिथे उभी राहिली. आणि तिनं हाक मारली, संकोच सोडून, खेळायला गेलेल्या पोरीला जेवायला बोलवावं तशी, लांबवून, गोड.

"चांगुणाऽऽ!"

दार सुटलं आणि आपसूक मिटलं. टक्. चिंचोका जयाच्या मुठीतून कधी निसटला ते तिला कळलं नाही. म्हातारीनं डोळे उघडले, उंबऱ्याकडे बघून हसली, आणि उजव्या हाताचं एक बोट पुढे केलं, कुणीतरी धरावं म्हणून. मग ती बोलली. आवाज तिचा होता, असं आदिनाथ आजही सांगतो. निकिता म्हणते, नव्हता, आजीचा आवाज महिन्यापूर्वीच गेला होता, हा कोवळा होता, दीड-दोन वर्षांच्या पोरीचा. जयाला विचारलं तर ती म्हणते, दोघींचा होता. फादर काहीच सांगत नाहीत. पण शब्दाबद्दल कुणाचंच दुमत नाही, कारण तो चौघांनीही ऐकला.

"ओ."